आघाडा ओळखताना

प्रिय वच्छले,

काल महालक्ष्म्या उठल्या. तुझी आई गेल्यावर, दुखवट्याचं वर्ष सोडून, यंदा पहिल्यांदाच मांडल्या, आणि तू आली नाहीस. वर्षश्राद्धालाही नव्हतीस. भांडून सासरी गेलीस म्हणून आईनं शेवटी तुला बोलावलंही नाही, असं तू म्हणतेस, हे माझ्या कानावर आलं आहे.

पूजेला आघाडा आणायला मीच गेलो. जन्मभर उपटून फेकलेलं तण, पण ऐन वेळी मला ते ओळखता येईना! विलायतेला कापूस जाऊ लागल्यापासून आम्ही धुऱ्याचे बांधसुद्धा खरडून पेरतो, आघाडा उरणार कुठे? नाल्याकाठून मोठ्या ऐटीत जुडी आणली, तर शेजारची माणिकबाई हसत सुटली. म्हणाली, “भाऊजी, काटेमाठ आणून राहिले तुमी! आघाड्याची पानं जोडीनं, समोरासमोर असतात. येवढंही ठाऊक नाही तुमाले?” नव्हतं ठाऊक. ते काम तुझ्या आईचं होतं. पुन्हा पाणंदीत हिंडलो, हात हलवत परतलो. तेव्हा माझ्या धोतराला चिकटलेलं बारीक टोकदार बी माणिकबाईनंच दाखवलं. म्हणजे आघाड्याला घासूनच मी आलो होतो आणि मला तो दिसला नव्हता. तिसऱ्या खेपेला मिळाला. स्वयंपाक तिनंच करून दिला, पण पुरणाचं ताट मला एकट्याला जेववेना. फार एकटं वाटतं गं.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. जावईबापू तुला हे वाचून दाखवतील, त्यांच्यापुढे माझी मान खाली जाईल, जाऊ दे. आई गेली त्या पौषात मी कापूस घेऊन अमरावतीला गेलो होतो, असं तुला सांगितलं. ते खोटं. भाव चढा म्हणून मी तुझ्या अकोल्यालाच आलो होतो. आई तापानं फणफणली होती. निघताना म्हणाली, “येताना माह्या वच्छलेले घेऊन या.” बाजारात गाड्यांची ही रांग! पाळी जाईल म्हणून जागचा हललो नाही. कापूस विकला तोवर गावच्या गाड्या निघाल्या, त्यांच्यामागे मीही निघालो. तुझं घर दोन गल्ल्यांवर होतं. तिनं तुला बोलावलं होतं, पोरी. आणलं नाही ते मी. राग माझ्यावर धर. गाडी दारात वाजली तशी ती अंथरुणात उठून बसली आणि केस नीट करू लागली. तिला वाटलं, तू आलीस.

तुझाच,
बाबा