बावीस मेंढ्या, बावीस आवाज

शनिवार पेठ, पुणे
ता. ४ मार्च १९६९

तीर्थरूप आनंदीअक्कास,
श्यामचा सा. न. वि. वि.

सायकलने वीस मिनिटांवर राहणारा भाऊ पत्र लिहितो, याची तू थट्टा करशीलच. पण समोर आलो की तू मला बोलू देत नाहीस. पस्तीस वर्षं मुलींना शिकवून झाल्यावर मेंढ्या पाळायचं खूळ मी ऐकून घेतलं. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. जिला दारातली पायरी दिसत नाही, तिनं बावीस मेंढ्या सांभाळायच्या म्हणजे कमाल झाली. कळप घेणारे एक गृहस्थ मिळाले आहेत. त्यांना रविवारी घेऊन येतो. तू आमच्याकडेच राहायला ये, सौ. हेमाचाही तोच आग्रह आहे.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझा,
श्याम


कर्वेनगर, पुणे
ता. १० मार्च १९६९

चि. श्याम यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारच्या शालूनं वाचून दाखवलं. हे अक्षरही तिचंच, शुद्धलेखन मात्र माझं.

काल लोकर कातरायला माणसं आली. त्यांना दोन खेपा नकोत म्हणून शेजारच्या अय्युब शेखच्या मेंढ्याही आमच्याच कुंपणात घेतल्या. माझ्या मेंढ्यांच्या पाठीवर गेरूचा ठिपका, त्याच्या मेंढ्यांवर निळीचा. ठिपके लोकरीबरोबरच जाणार, हे आम्हा दोघा शहाण्यांना सगळं कातरून झाल्यावर सुचलं. पन्नास मेंढ्या, सगळ्या एकसारख्या. अय्युब डोक्याला हात लावून बसला.

मी फाटकापाशी स्टूल घेतलं, डोळे मिटले आणि एकेक मेंढी सोडायला सांगितली. मथुरा घोगऱ्या आवाजात फिर्याद मांडते. सरोजिनी जोरात सुरुवात करते आणि मध्येच सोडून देते, तुझ्या भाषणासारखी. चिमी हात लागायच्या आधीच किंचाळते. अशा एकवीस निघाल्या. बाविसावी गोदी कधी ओरडतच नाही, नुसती नाकानं फुसकारते. अय्युब अदबीनं म्हणाला, की बाई, ही माझी आहे. मी म्हटलं, माझ्या गोठ्यात गोदीचं कोकरू आहे, ते सोडून बघ. कोकरू सगळ्यांना ओलांडून आलं आणि तिलाच लुचायला लागलं. अय्युबनं सर्वांसमोर कान पकडले. शाळेचा निकाल शंभर टक्के लागला तेव्हाही मला इतका अभिमान वाटला नव्हता. आता सांग, कळप का विकू?

आणखी एक. गोदी सापडली तेव्हा कुंपणाबाहेर कोणी तरी खोकलं. तो खोकला मी तू पाळण्यात होतास तेव्हापासून ऐकते आहे. आत का आला नाहीस?

सौ. हेमास आशीर्वाद. माया आहेच, ती राहू दे.
तुझी,
अक्का


शनिवार पेठ, पुणे
ता. १२ मार्च १९६९

तीर्थरूप अक्कास सा. न. वि. वि.

पकडलंस. ते गृहस्थ माझ्याबरोबर कुंपणापाशी उभे होते. डोळे मिटून बसलेल्या या बाई कोण, असं त्यांनी विचारलं. सौदा करायला आलेला मी म्हणालो, ही माझी थोरली बहीण, आणि हा कळप विकायचा नाही. एवढं बोललो आणि रडू यायला लागलं. परक्या माणसासमोर ते दिसू नये, म्हणून खोकलो.

मेंढ्यांना दिल्यावर जो उरेल, तो लोभ मला असावा.
तुझा,
श्याम