शेवग्याचं पाणी

वालूर, ता. सेलू, जि. परभणी
रविवार, दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. साक्षीस,

मामाचा सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या मामीची टाच दुखायची थांबली. गव्हाच्या पाण्याच्या पाळ्या चालू आहेत, व्होल्टेज पडतं, मोटारी जळतात, त्यामुळे देवगाव फाट्यावरच्या दुकानात मान वर करायला फुरसत नाही. आज रविवार असूनही मोटारी नवी तार भरायला पडल्या आहेत. त्या तशाच ठेवून लिहायला बसलो.

तुझ्या आईच्या पायावरची सूज उतरली का? नांदेडची हवा आक्काला मानवली का?

गुरुवारी फोनवर तू म्हणालीस, "मामा, आमच्या घरामागं थोडी जागा मोकळी हाय. तुमच्यासारखी परसबाग करायची हाय, आईसाठी. मापं पाठवा." म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलेली मापं माणूस निम्मी विसरतो आणि निम्मी आपल्या मनाची घालतो.

आधी जागा टेपनं मोज, पावलांनी नको. माझी जागा अठरा फूट बाय बारा आहे. मग सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सावली कुठवर येते तिथं खुंट्या ठोक. लोक आधी झाड लावतात आणि मग ऊन शोधतात. थंडीत सूर्य दक्षिणेकडून कलून जातो, म्हणून उंच वाढणारं सगळं उत्तरेच्या कडेला घ्यायचं. सावली बागेच्या बाहेर पडली पाहिजे. हे मला कुणी सांगितलं नाही, माझं मी बघितलं.

वाफा तीन फुटांपेक्षा रुंद करायचा नाही. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, कारण वाफ्यात पाय पडला की माती दबते. वाट दीड फुटाची पुरते. मी एक वाट सव्वादोन फूट ठेवली आहे. आक्का पाय फाकवून चालते, तिला हाताशी काहीतरी धरायला लागतं, म्हणून त्या वाटेला एका अंगानं बांबूचा कठडा केला आणि टोकाला शहाबादी फरशीचा तुकडा बसवला. तिथं बसून ती पालक खुडायची. तूही तशी सोय कर.

आपली काळी माती पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. म्हणून वाफा जमिनीपासून वीतभर उचलून घ्यायचा. दोन टोपली माती, एक टोपलं शेणखत, अर्धं टोपलं वाळू. शेणखत मुठीत घेऊन वास घे. शेणाचा वास आला तर ते अजून कच्चं आहे, पावसाचा वास आला तर कुजलं. न्हाणीचं पाणी सरळ वाफ्यात सोडू नकोस, साबण असतो. मी ते खडीवाळूच्या खड्ड्यातून काढून फक्त शेवग्याला दिलं.

दोडक्याच्या मांडवाचे खांब मी ओळंबा लावून उभे केले. शेजारचे तात्याराव कुंपणावरून बघायले होते, म्हणाले, "सिद्धोधन, दोडका चढवायलास का स्लॅब टाकायलास?" मी पुढचा खांब उभा केला. दोडका चढल्यावर गावातून बघायला सगळ्यात आधी तेच आले.

आता वाफे. पहिला वाफा पालकाचा. दुसऱ्यात चवळई आणि राजगिरा. तिसऱ्यात टोमॅटो, दोन ओळी. कडेला शेवगा, पाल्यासाठी, सारखा छाटून ठेवलेला.

एवढं लिहून मी उठलो होतो. बाहेर जाऊन पाणी देऊन आलो. पुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

साक्षी, वर लिहिलेले वाफे तू लावू नकोस. पालक नको, चवळई, राजगिरा नको, टोमॅटो नको. शेवगा तर अजिबात नको.

तुझे बाबा गेल्यावर जिंतूरचं घर बंद करून आक्का आमच्याकडे राहायला आली, तेव्हाच तिच्या किडन्या अशक्त झाल्याचं कळलं होतं. ऑक्टोबरमध्ये परभणीच्या दवाखान्यात आहार सांगणाऱ्या मॅडमनी आपल्या दोघांना बसवून समजावलं. हिच्या रक्तात पोटॅशियम साचतं. पालेभाजी कमी, आणि करायची झाली तर चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं. टोमॅटो, नारळपाणी, शेवग्याचा पाला बंद. घरी आल्यावर तू तो कागद मला परत वाचून दाखवलास. मी मान हलवली. मनात काय होतं ते आज सांगतो. ती मॅडम म्हणजे पंचविशीची पोरगी असेल. हिनं कधी वाफा बघितला नसेल, आणि ही मला सांगते की पाणी फेका.

मोटार भरायला मी कुणाकडे शिकलो नाही हे तुला माहीत आहे. जळालेल्या मोटारी उसवून, तारेचे वेढे मोजून शिकलो. आज सेलूपासूनचे लोक माझ्याकडे येतात. त्यामुळे माझी एक खोड झाली. शिकलेल्या माणसानं सांगितलं की मला ते अर्धंच वाटतं, उरलेलं आपण शोधायचं असं वाटतं. मी मोबाईलवर शोधलं. शेवग्याच्या पाल्यात लोह किती, ताकद किती, कुणाचं रक्त किती वाढलं. जेवढं मला पाहिजे होतं तेवढंच वाचलं. किडनीचं नाव आलं की पुढं सरकवलं.

आणि परसातला जुना शेवगा कडेला धरून आक्कासाठी म्हणून ही बाग आखली. कुठला वाफा रक्तासाठी, कुठला हाडासाठी, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटलो.

उकळून पाणी फेकणं म्हणजे सत्व फेकणं, असं मी घरात जाहीर केलं. पाला मीच तोडायचो, मीच धुवायचो. उकळलेलं पाणी गाळून, जिरं टाकून पेलाभर आक्काला द्यायचो. रोज, दुकानाला निघायच्या आधी. ती पिऊन पेला पालथा करून दाखवीपर्यंत समोर उभा राहायचो. मामीनं एकदा ते पाणी मोरीत ओतलं तर मी घर डोक्यावर घेतलं. चार दिवस तिच्याशी बोललो नाही. त्यानंतर तिनं ओतलं नाही.

आक्का एकदा म्हणाली, "सिदू, साक्षी तर पाणी फेका म्हनत होती की."

मी म्हणालो, "साक्षीला कॉलेजातल्या फायली कळतात. हे माझ्यावर सोड."

तिनं सोडलं.

जानेवारीत ती म्हणायला लागली, हातपाय जड पडतात, पाय उचलत नाही. मी म्हणालो थंडी आहे, आणि पाला मूठभर वाढवला. मग त्या सोमवारी सकाळी ती बागेतल्या त्याच फरशीवर बसली आणि तिला उठता येईना. मनगट धरलं तर नाडी अशी सावकाश लागत होती की मला वाटलं माझंच बोट चुकलं. शेजारच्या बालाजीनं जीप काढली. पुढचं तुला माहीत आहे असं तुला वाटतं.

तू नांदेडहून परभणीच्या दवाखान्यात आलीस तेव्हा खांद्याची पिशवीही काढली नव्हतीस. डॉक्टर म्हणाले, पोटॅशियम एवढं चढलंय, आणखी थोडा उशीर झाला असता तर हृदय थांबलं असतं. आणि मला विचारलं, "घरी काय खायला देत होता?"

काय देत होतो ते मला मुठीच्या मापानं पाठ होतं.

आक्काच्या नाकात नळी होती. ती तशीच बोलली. "त्याला कशाला इचारता. म्याच खाल्लं चोरून. परसात टमाटे तोडून खायची. जीभ राहत न्हाई डाक्टरसाहेब."

तू तिच्याकडे बघितलंस. इथवर मी नुसता गप्प होतो. तसाच गप्प राहिलो असतो तर आज भ्याड म्हणून लिहिलं असतं आणि सुटलो असतो. पण मी बोललो. मी म्हणालो, "किती सांगतो हिला, ऐकतच नाही."

साक्षी, हे माझे शब्द आहेत. तू ऐकलेस. तुला ते खरे वाटले, म्हणून कदाचित तुझ्या लक्षातही राहिले नसतील.

आणि आक्का काय म्हणाली? "हो बाबा. चुकलं माझं."

मग बाहेर व्हरांड्यात तू माझा हात धरलास. म्हणालीस, मामा, तुम्ही होता म्हणून वेळेवर आणलं, नाहीतर आई गेली असती. मी म्हणालो, असू दे, असू दे. दोन वेळा म्हणालो. तुला चहा पाजला. तू रडत होतीस आणि मी तुला पथ्याचं महत्त्व सांगत होतो.

तिला तू नांदेडला घेऊन गेलीस. तेव्हापासून दर फोनला ऐकतो. फ्रिजला कुलूप लावलं. ऑफिसला जाताना शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून जातेस. आईवर भरवसा ठेवता येत नाही, लहान लेकरासारखं रागवावं लागतं. मग फोन तिच्याकडे जातो. ती एवढंच विचारते, "बाग कशी हाय रे?" मी म्हणतो, चांगली आहे.

गुरुवारी मापं मागून झाल्यावर तू म्हणालीस, कॉलेजातल्या परीक्षा संपल्या की आईला थोडे दिवस परत वालूरला पाठवते, तुमच्याकडेच ती शिस्तीत राहते. मी "पाठव" म्हणालो. फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही. मामीनं ताट उचललं आणि म्हणाली, "सांगायचं असंल तर पत्र लिव्हा. फोनवर बोलाया लागला की तुमी शेवटी बागच सांगनार." बघ, पत्रातसुद्धा मी निम्म्या कागदापर्यंत बागच सांगितली.

शुक्रवारी दुकान बंद ठेवून परभणीला गेलो. त्या डॉक्टरांना आणि त्या मॅडमना जे खरं होतं ते सांगितलं. डॉक्टरांनी ते आक्काच्या कागदावर लिहून घेतलं. मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी ऑक्टोबरमध्ये सांगितलेलं सगळं पहिल्यापासून परत सांगितलं, त्याच आवाजात, मी पहिल्यांदाच आलोय असं समजून. मध्ये एकदा "पण" म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. मिटलं.

त्या काय म्हणाल्या ते मी तुला लिहीत नाही. माझ्या हातून येईल तेवढ्यात त्यात माझं काहीतरी मिसळेल. तुमच्या तिकडच्या डॉक्टरांकडून काय लावायचं ते घे. मापं मात्र माझी घ्यायला हरकत नाही, ती बरोबर आहेत.

बाग मी उपटलेली नाही. दवाखान्यातून आलो त्या दिवशी कुदळ हातात घेतली होती. कुंपणापलीकडे तात्याराव दिसले आणि माझ्या लक्षात आलं, हेसुद्धा मी कुणीतरी बघावं म्हणूनच करायलोय. कुदळ ठेवून दिली. भाजी आता त्यांच्या घरी जाते.

पाठव म्हणालो होतो तो शब्द मी मागे घेतो. आक्का इथं असावी असं मला किती वाटतं ते लिहायची ही वेळ नाही. हे वाचून तू तिला माझ्या घरी कधीच पाठवणार नाहीस, हे धरूनच लिहितोय. मामी चांगलं करील, तिच्यावर सोपव असंही म्हणत नाही. मी घरात असताना मामीचं चालत नाही, हे या पत्रात तू वाचलंसच.

एकच मागतो. हे पत्र आक्काला वाचून दाखव. ती मध्येच तोडेल. म्हणेल, सिदू खोटं लिहायलाय, मला वाचवायला. तेवढं तिचं ऐकू नकोस. तिनं चोरून एक टोमॅटोसुद्धा खाल्लेला नाही. तिला जे नको होतं ते ती माझं मन मोडू नये म्हणून रोज पेलाभर प्यायली आणि पेला पालथा करून दाखवत राहिली. फ्रिजचं कुलूप आजच काढ. शेजारणीला काय सांगितलं असशील ते परत जाऊन सांग, की आईची चूक नव्हती, मामाची होती. माझं नाव घेऊन सांग.

आणि तिला रागावलीस त्याबद्दल तू तिच्यापाशी बस. तुझा त्यात दोष नाही, पण बस.

तिची माफी मी कागदावर मागत नाही. तू ये म्हणालीस तर नांदेडला येईन आणि तुझ्यासमोर मागेन. नाही म्हणालीस तर तेही बरोबर आहे.

तुझ्या आईचा धाकटा भाऊ,
सिद्धोधन