दोन कागदांची फट

६ फेब्रुवारी

चि. खारूताईस,

अनेक उत्तम आशीर्वाद. तू आणि जावईबापू खुशाल असाल. इकडे मी मजेत आहे. ऊन कोवळं पडतंय, खिडकीतल्या कुंडीला नवी पानं फुटली आहेत, आणि शेजारच्या छपाईवाल्याचं जुनं यंत्र अजून दुपारभर खडखडतं, त्यामुळे झोप छान लागते.

फोन उचलत नाही म्हणून रागावली असशील. रागाव, तुझा हक्कच आहे. पण फोनवर तू म्हणतेस, "बाबा, घर बंद करून आमच्याकडे राहायला येताय की नाही? हो की नाही, एवढंच सांगा." आता ज्या माणसाने जन्मभर शाळेची पुस्तकं बांधली, आणि बांधता बांधता कवितांच्या पानांवर रेंगाळून मालकाची बोलणी खाल्ली, त्याला असं तडकाफडकी कसं जमावं? पत्रात बरं असतं. मांडी घालून बसता येतं.

तू पेन्सिली कुरतडायचीस तेव्हा मी तुझ्यावर केलेलं काव्य आठवतं का?

पेन्सिल खाते, रबर खाते,
उरलं दप्तर, तेही चाखते.

तुझी आई म्हणायची, "हे कवी, आणि ही त्यांची वाचक. वाचत नाही, खाते."

सकाळचा पाठ अजून चालू आहे. चहा झाला की खिडकीशी उभा राहून एक कविता मोठ्याने म्हणतो, हात मागे बांधून, मास्तर समोर असल्यासारखा. हल्ली मात्र 'स' आला की शीळ वाजते. नदीची कविता घेतली तर नदीपेक्षा वाराच जास्त सुटतो. कारण किरकोळ आहे. खालचा पुढचा एक दात डुगडुगतोय.

घाबरू नकोस, उपाय केला आहे. बांधणीचा दोरा घेतला, मेणावरून ओढला, आणि आरशासमोर बसून तो दात दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना आठाच्या आकड्यासारखा गुंफून टाकला. गाठ आतल्या बाजूला घेतली, हसलो तरी दिसत नाही. काम सुबक झालंय. हाताला अजून कंप नाही, हे तुझ्या माहितीसाठी.

जेवणखाण व्यवस्थित. सफरचंद किसून खातो, पाव दुधात बुडवतो. चव तीच.

मागच्या खेपेला तुम्ही दोघांनी दोन दिवसांत माझं अर्धं घर ज्यात भरलंत, त्या खोक्यांचं काय, असंही विचारलंस. आहेत की खोकी. कुठे जातात?

तुझ्या प्रश्नाचा मी विचार करतो आहे.

विचारात असलेला,
बाबा


१७ फेब्रुवारी

चि. खारूताईस,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. त्यात तू आशीर्वादांच्या उत्तरादाखल फक्त "दाताच्या डॉक्टरकडे जा" एवढंच लिहिलंस. आईवर गेली आहेस.

गेलो. जावंच लागलं. काम सुबक झालंय असं मी लिहिलं होतं, ते मागे घेतो. हिरडी टोमॅटोसारखी फुगली आणि सकाळी उशीवर रक्ताचे ठिपके दिसू लागले.

औषधाच्या दुकानावर जिना चढून गेलं की दवाखाना. डॉक्टरीणबाई तुझ्यापेक्षाही लहान दिसते. तिने दिवा माझ्या तोंडावर ओढला आणि आत डोकावली.

"काका, हे कुणी केलं?"

तोंडात तिची बोटं. मी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"तुम्ही शिंपी आहात का?"

बोटं निघाल्यावर म्हटलं, "पुस्तकं बांधायचो."

"तरीच! टाका झकास आहे हो. पण हिरडीत रुतलाय, आणि त्याच्याखाली अन्न कुजतंय. दात वाचवायचा म्हणून त्याचं घरच पेटवलंत की."

तिने दोरा कापला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग एका बारीक सळईने ती हिरडी आणि दात यांच्यामधली खोली मोजत गेली आणि तिच्या मदतनीस बाईला आकडे सांगत गेली. हिरडीने म्हणे दाताला कॉलरसारखं घट्ट बिलगून बसायचं असतं. माझी कॉलर सुटून तिचे खिसे झाले आहेत, आणि त्या खिशांत मळ बसून खालचं हाड झिजत गेलं आहे. वर्षानुवर्षं.

मी म्हटलं, "अहो, मग दुखलं कसं नाही?"

"दुखत नाही, हीच तर पंचाईत. माणसाला वाटतं सगळं ठीक चाललंय."

मी खिडकीकडे बघितलं. तिला वाटलं मी घाबरलो. म्हणून तिने कपाटातून प्लास्टिकचा जबडा काढला आणि मला शाळेतल्यासारखं शिकवायला बसली. खारूताई, काय सांगू तुला! आजवर मला वाटायचं, दात हाडात ठोकलेला असतो, भिंतीत खिळा ठोकावा तसा. ती म्हणाली, "छे हो काका, टांगलेला असतो." दाताच्या मुळाला पातळसा कठीण लेप असतो, समोर हाडाची खोबण असते, पण दोघं एकमेकांना टेकत नाहीत. मध्ये फट. किती? तर साधारण दोन कागदांच्या जाडीएवढी. त्या फटीत हजारो धागे असतात. प्रत्येकाचं एक टोक मुळाच्या लेपात रुजलेलं, दुसरं हाडात. चावलं की ते ताणतात आणि दाताला झेलतात. भातात बारीक खडा आला तर तो आधी त्यांनाच कळतो.

मला उठून तिला सलाम करावासा वाटला. आयुष्यभर मी मालकाशी भांडलो ते याचसाठी. नुसत्या खळीने चिकटवलेलं पुस्तक दिसायला ताठ, पण दोनदा उघडलं की पाठ मोडते. शिवलेलं पुस्तक मोकळं उघडतं, कारण दोऱ्याला थोडी ढील ठेवलेली असते. इतक्या वर्षांत कधी वाटलं नाही, की तीच शिवण माझ्या तोंडात आहे.

"हा दात काढावा लागेल?" मी विचारलं.

"बघू. सगळे धागे तुटलेले नाहीत."

मग भुलीचं इंजेक्शन. ती हिरडीच्या आत शिरून मुळं खरवडत होती, आणि जबडा माझा राहिला नव्हता. दिवा वितळत वितळत दुपारच्या उन्हासारखा झाला. मला वाटलं, मी लहान होऊन त्या फटीत उतरलोय. एका बाजूला हाडाची भिंत, बारीक भोकाभोकांची. दुसऱ्या बाजूला मुळाचा फिकट पिवळा कडा. मध्ये पांढरे ओले धागे, तिरपे, झुल्याच्या दोऱ्यांसारखे. वरून भार आला की सरळ व्हायचे, भार गेला की पुन्हा लाट. भिंतीपलीकडे कुठला तरी वर्ग भरलेला, मुलं डोलत कविता म्हणत होती, शब्द नीट कळत नव्हते, चाल तेवढी ओळखीची. आणि तुझी आई तिथे बसून जुने धागे उसवत होती, नवे घालत होती. मोजे रफू करायची तशी. वर न बघताच म्हणाली, "आलात? पाय पुसा."

"काका, चूळ भरा," डॉक्टरीणबाई म्हणाली.

निघताना सहज विचारलं. माझी मागची दाढ फार पूर्वी काढली होती. तिथे बोट फिरवलं तर जबडा खोलगट, बसका लागतो. तिथलं हाड कुठे गेलं?

"विरलं," ती म्हणाली. "ते हाड दाताला धरायलाच होतं. दात गेला, त्याला काम उरलं नाही. मग शरीर ते हळूहळू काढून घेतं."

जिना उतरलो आणि घरी आलो. कुलूप उघडलं. वरची खोली तुझी आई गेल्यापासून मी उघडलेली नाही, हे तुला ठाऊक आहे. त्यानंतर गच्ची सुटली. मग पाहुण्यांची खोली, तिथे कोण येणार म्हणून. आता मी खाली कामाच्या खोलीतच झोपतो, शेगडीचा एकच बर्नर पेटवतो आणि एकच खुर्ची

पण हे सगळं तुला कशाला लिहीत बसलो! भुलीचा अंमल असेल.

दात शाबूत असलेला,
बाबा


४ मार्च

चि. खारूताईस,

आशीर्वाद. आधी बातमी. दात राहिला. हिरडीची सूज उतरली, ती फिकी गुलाबी झाली, पुन्हा बिलगायला लागली आहे. डॉक्टरीणबाईने मागच्या बाजूने केसाएवढी तार चिकटवून दिली आहे. म्हणजे माझीच कल्पना, पण हिरडीपासून दूर आणि स्वच्छ. मी तसं म्हटलं तर ती म्हणाली, "हो, कल्पना तुमची. कष्ट माझे."

गेलेलं हाड मात्र परत येत नाही. आहे तेवढं राखायचं.

परवा दवाखान्यात बाकावर बसलो होतो. शेजारी, आपल्या गल्लीच्या टोकाला शिवणाचं दुकान असलेल्या बाई. तुझा शाळेचा गणवेश त्याच शिवायच्या. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असतील. त्या हसल्या, तर दातांवर लखलखती तार! कॉलेजातल्या पोरीसारखी.

मी म्हटलं, "बाई, हे काय या वयात?"

"का? वयाचा दाखला बघून दात सरकतात होय?"

"सरकतात?"

"नाहीतर काय! हिरड्यांच्या दुखण्याने समोरचे फाकले होते. सुई दातात धरायची सवय माझी, धरली की निसटायची. आता बघा." त्यांनी ओठ वर करून दाखवलं. फट निम्मी मिटली होती. "तुम्हीही लावून घ्या. कवितेला चमक येईल. सकाळी सगळ्या गल्लीला ऐकू येतेच."

"ऐकू येते?"

"तर! मधे दोन दिवस बंद होती, तेव्हा मी आमच्या कारागिराला बघायला पाठवणार होते, आहात का म्हणून."

माझी पाळी आल्यावर मी डॉक्टरीणबाईला पहिला प्रश्न तोच केला. हाडात बसलेला दात सरकतो कसा? हाड काय लोणी आहे?

ती म्हणाली, सगळी करामत त्या धाग्यांची. तार दाताला एका बाजूला हलकेच रेटते. ज्या बाजूला दाब पडतो, तिथलं हाड विरघळत जातं. मागे जिथे धागे ताणतात, तिथे नवं हाड भरत येतं. दात आपलं सगळं घरच बरोबर घेऊन सरकतो.

"मग जोरात रेटलं की लवकर होईल," मी म्हटलं.

"उलट. जोर केला तर तिथला रक्तपुरवठा तुटतो, धागे मरतात, आणि दात जागच्या जागी अडून बसतो. बरेच दिवस हलतच नाही. हलकं लावायचं, आणि लावून ठेवायचं. एवढंच."

मी खुर्चीत तोंड उघडं टाकून पडलो होतो. ती म्हणाली, "काका, दुखतंय का?" मी मान हलवली. दुखत नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं ते दिव्यामुळे, असं मी नंतर सांगितलं.

आता खोक्यांचं खरं सांगतो. तुम्ही दोघं गेलात त्याच दुपारी मी ती सगळी उघडली. तू कागदात गुंडाळलेली एकेक वस्तू सोडवली आणि होती तिथे नेऊन ठेवली. आईचा चष्मा खिडकीत, तिची कात्री खिळ्यावर, पाककृतींची कात्रणं डब्याखाली. खोकी घडी करून पलंगाखाली सारली. तू फोनवर विचारायचीस आणि मला खोटं बोलता येईना, म्हणून फोन वाजत ठेवायचो. तुझं चुकलं नव्हतं गं. तू मला पडतझडत राहताना बघू शकत नव्हतीस. जावईबापू तर बिचारे दोऱ्या बांधताना माझ्याकडे बघतही नव्हते. पण तुम्ही दोन दिवसांत मला उपटायला आलात, आणि मी अडून बसलो.

मागच्या पत्रात लिहिता लिहिता थांबलो होतो, ते पुरं करतो. एकच खुर्ची उरली आहे. जे घर सोडवत नाही म्हणून मी तुला उत्तर देत नाही, ते घर माझ्याभोवती केव्हाचं विरत चाललंय. आवाज न करता, न दुखता. जिच्यासाठी ते होतं ती गेली. मी मात्र सगळ्यांना मजेत आहे असं लिहीत राहिलो, आणि तुला सगळ्यात जास्त.

भीती एकच होती, तीही सांगून टाकतो. वाटायचं, तू कर्तव्य म्हणून विचारतेस. एकदा नाही म्हटलं की सुटका झाल्यासारखं वाटेल तुला, आणि पुन्हा विचारणार नाहीस. म्हणून मी नाहीही म्हणत नव्हतो.

तर, खारूताई, मी येतो. पण असा येतो. या शनिवारी सकाळच्या बसने, एक पिशवी घेऊन. चार दिवस राहीन आणि परत फिरेन. तेव्हा मला अडवू नकोस, रडूही नकोस. थोड्या दिवसांनी पुन्हा या म्हण. मी कारणं सांगेन, हवामानाचं सांगेन, कुंडीला पाणी कोण घालेल म्हणेन. तू फक्त पुन्हा म्हण. प्रत्येक खेपेला मी इथून थोडं काही आणेन. आईची कात्री आधी आणेन बहुधा. तुझ्याकडे एखादी भिंत मोकळी ठेव. इथली जागा रिकामी होत जाईल तशी तिथली भरत जाईल, आणि मग एखाद्या दिवशी आपल्या दोघांच्याही लक्षात न येता मी तिकडचा झालेला असेन.

मध्येच मी मागे सरकेन. म्हाताऱ्याची खोड आहे, मनावर घेऊ नकोस. मला ओढू नकोस, पण हातही काढून घेऊ नकोस.

शनिवारी थांब्यावर एकटीच ये.

तुझ्याकडे यायला निघालेला,
बाबा