अर्ध्या कांडीचा वारसा

मी, रिम्मा अर्काद्येव्ना लुकोश्किना, निवृत्त भट्टी-प्रमुख, राहणार पोदोल्स्क, संस्थेच्या वसाहतीतला तिसरा मजला, हे मृत्युपत्र अंथरुणात बसून सांगते आहे आणि नोटरी अंतोनिना ग्लेबोव्ना ते उतरवून घेत आहेत. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून फितवलेलं नाही. फुप्फुसं मात्र गेली. डॉक्टर म्हणाले, बर्फ वितळेपर्यंत काढाल, पण म्हणताना ते खिडकीकडे बघत होते. म्हणून ही घाई.

१. राहती जागा माझे पती इन्नोकेंती पावलोविच, म्हणजे आमचा केशा, याच्याकडे तो हयात असेपर्यंत राहील. त्याला इथून हलवू नये. त्याला आता मी ओळखू येत नाही, पण स्वयंपाकघर आणि संडास बरोबर सापडतात. नव्या ठिकाणी तेही जाईल. त्याच्या पश्चात जागा शेजारीण फायनाला, कारण त्याचं खाणंपिणं तीच बघणार आहे. तसं तिने कबूल केलं आहे.

२. गावाबाहेरचा बागेचा तुकडा आणि त्यावरची लाकडी खोली नणंद कापितोलिनाला. हो, तिलाच. मात्र मुरंब्याचं तांब्याचं पातेलं तिने परत करावं. "दोन दिवसांसाठी नेते गं" म्हणून नेलं, तेव्हा माझे केस काळे होते. ते पातेलं फायनाला. कापितोलिना म्हणेल, "मरताना तरी हिची जीभ थकायला हवी होती." नाही थकली.

३. माझे लांब चिमटे, काळ्या काचांचा चष्मा आणि जाड हातमोजे संस्थेतल्या अल्बिना रेनातोव्नाला. बंद पडलेला आमचा विभाग तिने पुन्हा उघडला आहे, आणि तो उघडला नसता तर मी कधीच निवांत मेले असते.

४. हे कलम मालमत्तेचं नाही, तरी लिहा. आम्ही रॉकेटचं इंजिन करत होतो. त्याच्या पोटात छोटी अणुभट्टी. तिच्यातून हायड्रोजन सोडायचा, तो तापून मागून सुटला की यान पुढे जायचं, थेट मंगळापर्यंत. त्या अणुभट्टीत इंधनाच्या बारीक, पीळ दिलेल्या कांड्या लागत. पोलादाचं पाणी होईल अशा उष्णतेत त्या उभ्या राहायला हव्यात. केशा त्यांचं पीठ मळायचा, पीळ घालायचा. मी भाजायची. दोन खोल्यांच्या मधे एक झरोका होता, त्यातून कच्च्या कांड्या माझ्याकडे यायच्या. पलीकडे काय चालतं ते विचारायचं नाही, असं आम्ही दोघांनी लिहून दिलं होतं. लग्न झालं तरी तेच. जेवताना कोणाच्या तोंडून कामाचा शब्द निसटला की दुसऱ्याने उठून नळ सोडायचा, पुढचं कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. लोकांचे नवरे बाई लपवतात, माझ्या नवऱ्याने पीठ लपवलं.

मग देश मोडला, विभागाला कुलूप लागलं. केशाच्या बाजूचे कागद तळघरात पाणी शिरून लगदा झाले, त्याचे सोबती एकेक करून गेले. माझी बाजू मी अल्बिनाला सगळी शिकवली आहे. तिची माणसं नव्या कांड्या करतात, मी सांगितलं तशा भाजतात, आणि भट्टी उघडली की आत तुकडे. दर खेपेला तुकडे! केशा पिठात काहीतरी घालायचा. ते आता जगात एकट्या त्यालाच ठाऊक आहे आणि तो रोज थोडा थोडा विसरतो आहे. आम्हाला मूलबाळ झालं नाही. आम्हा दोघांचं मिळून असं जे काही आहे ते एवढंच, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत जातं आहे.

५. केशाचा कामाचा निळा डगला अल्बिनाला. धुवू नये. त्याला अजून मेणाचा आणि कसल्याशा गोडसर डिंकाचा वास आहे. मी त्याचे कपडे आयुष्यभर धुतले, पण कधी हुंगून पाहिले नाहीत, कारण तेही विचारल्यासारखंच झालं असतं. तपासून झाल्यावर डगला त्याला परत द्यावा. थंडीत तो शोधत बसतो.

६. मी काही करायचं ठेवलेलं नाही, हे सगळ्यांना माहीत असावं. संस्थेने गुप्ततेच्या शपथेतून मोकळं केल्याचं पत्र अल्बिनाने आणलं. केशाने चष्मा लावून वाचलं. म्हणाला, "सही खोटी आहे. आमच्या साहेबांची अशी नसते."

"अरे, साहेब केव्हाच वारले!"

"मग त्यांनी सही कशी केली?"

मी गुडघे टेकले. "केशा, माझ्यासाठी सांग रे."

"तुम्ही कोणत्या विभागाच्या, बाई? पास दाखवा."

मी पास शोधून काढला, जुना, फोटोचा. त्याने फोटो बघितला, मला बघितलं. "ही तुम्ही नाही," म्हणाला. मी न्हाणीघरात जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडले.

७. म्हणून हा शेवटचा उपाय. माझ्या भाजणीची रीत इथे लिहावी आणि त्याच्यादेखत मोठ्याने वाचावी. तिच्यात मी मुद्दाम एक चूक घातली आहे. कामातली चूक ऐकून तो आजवर कधी गप्प बसलेला नाही. कच्च्या कांड्या झरोक्यातून आल्या की प्रथम ▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇

(इथून कलमाच्या शेवटापर्यंतचा मजकूर शाईने काळा केलेला आहे. – नोटरी)

८. झालं ते जसंच्या तसं लिहा, अंतोनिना ग्लेबोव्ना. तुम्ही वाचत होता. केशा खुर्चीत बसला होता. चुकीची जागा आली आणि त्याचा हात वर गेला. "छे, छे! त्याच्याआधी," तो म्हणाला, "त्याच्याआधी पिठात..." अल्बिना पुढे सरकली. तो थांबला. आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. मग उठला, तुमच्या हातातला कागद ओढला, तुमचंच पेन घेतलं आणि ओळ न् ओळ काळी केली. मी ओरडले, "केशा, मी मरते आहे रे! बोल!"

तो माझ्या उशाशी आला. वाकून, अगदी हळू म्हणाला, "असं ओरडू नका, बाई. हे बाहेर गेलं तर मला आत टाकतील. माझी रिम्मा घरी वाट बघत असते. तिला माझ्याशिवाय कोणी नाही हो."

९. कलम सात पुन्हा लिहू नये. यापुढे केशाला पिठाबद्दल कोणीही काही विचारू नये, अल्बिनानेसुद्धा नाही. पोरी, मला माफ कर. मी गेल्यावर तो रिम्मा कुठे म्हणून विचारेल, तेव्हा फायनाने सांगावं, कामावर गेली आहे. त्यापुढे तो विचारणार नाही.

वाचून दाखवलं, ऐकलं, खाडाखोडीसकट मान्य आहे.

सही: रि. अ. लुकोश्किना

साक्षीदार: झोया तारासोव्ना मेल्निक, परिचारिका
साक्षीदार: गेर्मान ओसिपोविच त्युरिन, दुसरा मजला
(अल्बिना रेनातोव्ना आणि फायना यांना वारसा मिळत असल्याने त्यांची सही घेतलेली नाही.)

नोटरी: अंतोनिना ग्लेबोव्ना रिआबोवा
पोदोल्स्क, १२ फेब्रुवारी २०१९