वास शेजारून येतो

रविवार, २८ फेब्रुवारी

आज पकडलेच गेले असते! गल्लीतली माझी मैत्रीण नाइर मातेचा कडू चहा प्यायला आली आणि दारातच नाक वर करून उभी राहिली. "अगं झुल्मा, कसला गं हा वास? मांजर मेलंय की काय कुठे?"

मागच्या अंगणात माझी तीन झाडं फुलोऱ्यावर आलीत. लिंबाच्या आड लपवली आहेत, पण वासाला कशाआड लपवू? तोंडातून निघून गेलं — "शेजारून येतो. तो गांजाचा क्लब आलाय ना नवीन, त्यांचा!"

थाप इतकी सहज आली की माझं मलाच कौतुक वाटलं.

इथे घरी गांजा लावायला कायद्याची मुभा आहे, आणि माझी झाडं रीतसर नोंदवलेली आहेत. कायद्याला मी भीत नाही, नाइरला भिते! जन्म इथल्याच, सायागो वस्तीतल्या शाळेत हेडबाई म्हणून गेला. विडी ओढली म्हणून अर्ध्या गल्लीला कोपऱ्यात उभं केलंय मी.

सोमवार, १ मार्च

गुडघ्यांसाठी लावली, असं स्वतःला सांगत असते. गुडघे निमित्त! आवडतं मला. संध्याकाळी दोन झुरके, रेडिओवर टँगो, आणि खुर्चीखाली पाय आपोआप ठेका धरतात.

मी मेल्यावर कुणी हे वाचलं तर खुशाल वाचो.

गुरुवार, ४ मार्च

नाइरने गल्ली पेटवली. खाटीक, बेकरीवाली, सगळ्यांचं एकमत — क्लब हटवा! क्लबचा घरमालक म्हणतो, शेजाऱ्यांची तक्रार असेल तर महिनाअखेरीला करार वाढवणार नाही. पुढचा गुरुवार सोडून त्यापुढच्या गुरुवारी बैठक. आणि तक्रार मांडणार कोण?

"तूच गं! तुझी भिंत त्यांच्या भिंतीला लागून. आणि बाईंचा शब्द कोण मोडणार? आधी आत जाऊन बघून ये, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं सांगता येईल."

केलं तुका, झालं माका.

मंगळवार, ९ मार्च

गेले! दार मिल्टनने उघडलं. मिल्टन बिदेगाईन — माझ्या सहावीतला. बसचा कंडक्टर होता, आता निवृत्त, टकलू, आणि क्लबचा अध्यक्ष. आत मोठं टेबल, भोवती सात-आठ जण, धुराचा लोट. मला पाहिलं आणि सगळे ताडकन उभे! हात पाठीमागे! कायद्याची मोकळीक, क्लब स्वतःचा, एकेकाला नातवंडं झालीत — आणि बाईंपासून विडी लपवतायत!

एबेरने — तोही माझ्याच वर्गातला — तर पेटती विडी खिशातच कोंबली.

"एबेर, तुझी पँट जळतेय."

"हो बाई," म्हणाला, आणि तसाच उभा. शेवटी मीच मातेसाठी ठेवलेलं पाणी ओतलं त्याच्यावर. नशीब, कोमट होतं.

मग मिल्टनने झाडांची खोली दाखवली. बंद खोली, मोठाले दिवे, हवा कोळशातून गाळून बाहेर सोडतात. भिंतीबाहेर वासाचा लवलेश नाही. "बाई, वास आमचा नाहीच. पण आमचं ऐकणार कोण?" मी छत निरखत राहिले.

निघते म्हटलं तर म्हणाले, एक डाव तरी खेळा. ट्रुको! भुवया उडवून, ओठ मुरडून जोडीदाराला आपले पत्ते कळवायचे — वर्गात ज्यासाठी मी यांचे कान पिळले, नेमकं तेच! एबेरला असा डोळा मारला की त्याला ठसकाच लागला. जिंकलो!

मी ओढली नाही. पाहुणी ना!

बुधवार, १० मार्च

नाइरला सांगितलं, अशी पाहणी एका भेटीत पुरी होत नाही.

मंगळवार, १६ मार्च

दुसरी पाहणी. तीन डाव. पुऱ्यांसारख्या तोर्ता फ्रिता तळून घेऊन गेले होते, एकही उरली नाही.

एबेर म्हणाला, "बाई, मेंबरच व्हा की आमच्या!"

मिल्टन घाईने म्हणाला, "त्यांना नाही होता येणार. घरी झाडं असली की क्लब नाही, दोन्हींपैकी एकच—" आणि थबकला. टक्कल लालबुंद! "म्हणजे... नियम असा आहे. एकंदरीत."

सगळे आपापले पत्ते मोजायला लागले. मीही पत्त्यांत डोकं खुपसलं.

घरी आले आणि रडू आलं. शाळा सुटल्यापासून नाइर सोडली तर माझं दार कोण वाजवतं? मंगळवारची वाट बघायला लागलेय मी लहान पोरीसारखी. आणि या सगळ्यांचे मंगळवार मीच बुडवायला निघालेय! एका थापेपायी!

ठरलं. गुरुवारी सगळं सांगून टाकायचं.

गुरुवार, १८ मार्च

नाही सांगितलं.

उभी राहिले. घसा खाकरला. घरमालक समोर, नाइर शेजारी — माझ्याकडे अशी अभिमानाने बघत होती! "वास..." एवढंच म्हटलं, आणि मागून मिल्टनचा आवाज आला. "बाईंना कशाला त्रास? वास आमचाच आहे. चूक झाली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरमालक म्हणाला, मग महिनाअखेरीला घर रिकामं करा.

मी खाली बसले. हो, बसले! भित्री कुठली. नाइरने माझा हात दाबला.

शुक्रवार, १९ मार्च

सकाळीच मिल्टनच्या क्लबचं दार ठोठावलं. तो खोक्यांत कप भरत होता. विचारलं, खोटं का बोललास?

"बाई, जानेवारीत तुम्ही बहिणीकडे रोचाला गेला होतात ना? तुमची झाडं सुकत होती. भिंतीवरून नळी सोडून पाणी आम्हीच घातलं."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! आणि मला वाटे, परतल्यावर झाडं हिरवीगार दिसली ती माझ्या पुण्याईनं!

"मग सांगितलं का नाहीस तिथं?"

"कुणाचं नाव फोडायचं नाही, हे तुम्हीच नाही का शिकवलंत? आणि आम्हाला दुसरं घर मिळेल, बाई. तुम्हाला गल्ली कुठे दुसरी मिळणार?"

त्याच्यावर ओरडले. का ओरडले, कोण जाणे. त्याने माते भरून हातात दिलं. दोघं खोक्यांवर बसून प्यायलो.

शनिवार, २० मार्च

नाइर सफरचंदाचा केक घेऊन आली. विजयाचा! घशाखाली उतरला नाही.

रविवार, २१ मार्च

गल्लीतला रविवारचा बाजार ऐन भरात असताना सगळ्यांत मोठी कुंडी अंगणातून ओढत पुढच्या दारात आणली. गुडघे बोंबलले. शेजारी खुर्ची टाकून बसले. नाइर भाजीची पिशवी घेऊन आली, थांबली, नाक वर केलं.

"माझं आहे," म्हटलं. मोठ्यानं, वर्गात बोलायचे तसं. "वास पहिल्या दिवसापासून माझाच."

खाटकाचा सुरा हवेत थांबला. नाइरच्या डोळ्यांत पाणी. "त्या भल्या माणसाला मी रस्त्यात काय काय बोलले गं! तुझ्या शब्दावर!"

पिशवी माझ्या पायाशी आदळून ती चार पावलं क्लबच्या दाराकडे गेली, मागे वळली.

"बसलीस काय? ऊठ! माफी दोघींनी मागायचीय."