समोरच्या खोलीत दुरुस्ती चालू आहे

४ मार्च
घर ताब्यात घेतलं. वर तीन खोल्या, खाली स्वयंपाकघर आणि व्हरांडा. वरच्या तिन्ही खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, मी स्वयंपाकघरामागच्या कोठीत झोपायचं. इतकी वर्षं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नकाशे काढले, आता स्वतःचा धंदा.
ऑफिसात सगळ्यांचा समज असा, की गेल्या वर्षी बायको गेली म्हणून मी शहर सोडलं. कुणाला समजावत बसलो नाही. इथे एकदाच लिहून ठेवतो: तसा काही संबंध नाही. डोंगरावर पर्यटनाला वाव आहे, एवढंच.
समोरच्या खोलीला मोठी खिडकी आहे. तिथून सगळी दरी दिसते. पूर्वी एकदा आम्ही दोघं इथे दोन दिवस आलो होतो, तेव्हा रस्त्यावरून या खिडकीकडे बोट दाखवून ती म्हणाली होती, की असं घर घेऊ आणि पाहुणे ठेवू. मी हं म्हणालो होतो.

५ मार्च
संकल्प. पहाटे उठणे. रोज बस-स्टँडवर जाऊन येणाऱ्या लोकांशी स्वतःहून बोलणे. मुलीला आठवड्यातून एकदाच फोन. जुनं उगाळत न बसणे.
उठायला उशीर झाला. थंडी फार. स्टँडवर एकच माणूस उतरला, तो पोस्टमन निघाला. हवेबद्दल बोललो. सुरुवात वाईट नाही.

११ मार्च
मुलीचा फोन. एक मेपासून शहरातल्या फ्लॅटमध्ये भाडेकरू येणार. बाकी सामान हलवलं, फक्त आईचं कपाट राहिलंय, ते रिकामं करायला हवं. किल्ली कुठाय, बाबा? सांगितलं, सामानात असेल कुठेतरी, शोधतो. तिने विचारलं, की तुम्हीच एकदा येऊन जाता का, आपण दोघं मिळून आवरू. म्हटलं, धंदा नवीन आहे, आत्ता हलता येणार नाही.
किल्ली शर्टाच्या खिशात आहे. हरवू नये म्हणून तिथे ठेवतो.

२२ मार्च
पेंटर आला होता. व्यवस्थित धंदा करायचा तर पाहुण्यांसाठी नियम हवेत. आधी कागदावर लिहायला बसलो, विचार करावाच लागला नाही, भराभर सुचत गेले. पेंटरने पाट्या रंगवून जिथल्या तिथे ठोकल्या.
ओला टॉवेल पलंगावर टाकू नये. जेवताना पेपर वाचू नये. एका हाकेत उठावे. कपाटाचे दार उघडे टाकून जाऊ नये. काही विचारल्यास नीट उत्तर द्यावे, नुसते हं म्हणू नये.
पेंटर ब्रश धूत म्हणाला, साहेब, पाहुणे ठेवताय की होस्टेल काढताय? हे असलं मी कुठल्याच हॉटेलात रंगवलेलं नाही. त्याला सांगितलं, स्टँडर्ड नियम आहेत, सगळीकडे असेच असतात. तो म्हणाला, असतील बुवा.
बाहेर लावायच्या पाटीचं नाव अजून ठरत नाही. घाई नाही.

३ एप्रिल
समोरची खोली लावून झाली. पांघरूण निळं, तिला आवडायचं तसं. म्हणजे निळा रंग साधारण सगळ्यांनाच आवडतो. खिडकीपाशी एक खुर्ची. नीट दिसतं. दार लावून घेतलं, धूळ फार येते.

९ एप्रिल
पहिले पाहुणे! नवीन लग्न झालेलं जोडपं. खिडकीची खोली मागितली. दुरुस्ती चालू आहे म्हणालो. नवरी म्हणाली, काका, आत्ताच दार ढकलून बघितली, पलंगसुद्धा घातलाय. म्हटलं, दुरुस्ती आतून आहे. ती नवऱ्याकडे बघून हसली. शेवटी मागची खोली घेतली. मागून डोंगराचा कडा दिसतो, तोही बघण्यासारखा आहे.

१० एप्रिल
जोडपं गेलं. दोन दिवस राहणार होते. सकाळी चहाला एका हाकेत कुणी उठलं नाही, पाटीकडे लक्ष वेधावं लागलं. पाहुण्यांनाही शिस्त लागायला वेळ लागतो.

१८ एप्रिल
एक विक्रेता आला, औषधांच्या कंपनीचा. बोलका माणूस. जिना चढताना एकेक पाटी मोठ्याने वाचत गेला आणि वरून ओरडून म्हणाला, मालक, बायकोपासून चार दिवस सुटका म्हणून फिरतीवर आलो, तर ही माझ्याआधीच इथे पोचलेली दिसते!
ग्राहक खेळकर आहे. जमेची बाजू. संध्याकाळी त्याच्याबरोबर जेवायला बसणार होतो, पण भूक नव्हती.
गावात मला हेडमास्तर म्हणतात, असं दूधवाल्याने सांगितलं. चला, ओळख होते आहे.

२५ एप्रिल
मेहुण्याचा फोन. माझ्यापेक्षा बराच लहान, पण बोलायला फटकळ. म्हणाला, भाऊजी, किल्ली पाठवताय की कुलूपवाल्याला बोलावू? म्हटलं, कुलूप तोडायचं नाही. त्याने विचारलं, मग काय करायचं, पूजा करायची कपाटाची? माझी बहीण होती ती, मलाही सोपं नाहीये. मग मी शब्द दिला, की एकोणतीसला स्वतः येतो.
ठरलं म्हणजे ठरलं. एका दिवसाचं काम आहे. कपाट उघडायचं, कपडे काढायचे, बांधायचे, परत यायचं.

२९ एप्रिल
वेळेच्या आधी स्टँडवर पोचलो. बस आली. कंडक्टर म्हणाला, चला, चढा. तेवढ्यात गीझर चालू राहिल्याची शंका आली. त्याला सांगितलं, जरा थांबा. तो म्हणाला, अहो, बस आहे ही, घरची गाडी नाही. गेली.
घरी येऊन पाहिलं. गीझर बंद होता. तरी खात्री केलेली बरी. आग लागली असती तर?

३० एप्रिल
मुलीचा फोन. काल का आला नाहीत? म्हटलं, अचानक गर्दी झाली, तिन्ही खोल्या भरल्या. खरंच, बाबा? तिचा आवाज एकदम आनंदी झाला. तिने विचारलं, कोण कोण आहे, कुठून आलेत, मजेत आहेत का? बरंच सांगावं लागलं. बोलताना व्हरांड्यात दूधवाला बसला होता. त्याने मागे वळून घरात डोकावून पाहिलं.

२ मे
दुपारी दारात टेम्पो उभा राहिला. मागे दोरांनी बांधलेलं तिचं कपाट. ड्रायव्हरशेजारून मुलगी उतरली. मामाने सांगितलं म्हणे, त्या दोघांना एकमेकांना सोडवत नाही ना, मग राहू देत एकत्र, टाक गाडीत.
तिने सगळीकडे पाहिलं. पाहुणे कुठे गेले? म्हटलं, आज सकाळीच गेले. दूधवाला नळावर कॅन धूत होता. तो म्हणाला, कोण पाहुणे?
मुलगी भिंतीवरच्या पाट्या वाचत राहिली. टॉवेलची वाचून हसली. पुढच्या वाचता वाचता हसणं थांबलं आणि ती जिन्याच्या पायरीवर बसली. म्हणाली, बाबा, हे सगळं आई तुम्हाला म्हणायची. पाहुण्यांना कशाला? मी म्हणालो, हं. तिने शेवटच्या पाटीकडे बोट केलं.
ड्रायव्हर म्हणाला, कपाट व्हरांड्यात ठेवून मोकळे होऊ. मी म्हटलं, नाही, वर, समोरच्या खोलीत. बाहेर दमट हवेने गंजेल. ड्रायव्हर, दूधवाला, बघायला आलेला पेंटर आणि मी, चौघांनी उचललं. जिना वळतो तिथे ते अडकलं. ना वर, ना खाली. आयुष्यभर नकाशे काढले, आणि जिन्याचं माप घेतलं नव्हतं. ड्रायव्हर वरच्या बाजूला अडकून पडला. तिथून ओरडायला लागला, साहेब, मला रात्रीच्या आत घरी जायचंय, आधी रिकामं करा, मग तिरकं करता येईल.
मी म्हटलं, किल्ली सामानात शोधावी लागेल. मुलीने माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. हात पुढे केला.
दिली.
दार अर्धंच उघडत होतं. ती हात घालून एकेक वस्तू काढत गेली आणि मी खालच्या पायरीवर हात पुढे करून उभा राहिलो. साड्या, शाली, हिरवा स्वेटर. दूधवाल्याने न सांगता आपले हात स्वतःच्या सदऱ्याला पुसले आणि माझ्याकडून घेऊन आत नेऊन ठेवू लागला. वरून ड्रायव्हरचा आवाज बंद झाला होता.
रिकामं झालं तरी कपाट वळलं नाही. खाली आणलं. व्हरांड्यात उभं आहे.

३ मे
मुलीने थंडीचे कपडे आणले नव्हते. सकाळी हिरवा स्वेटर घालून चहाला आली. बाह्या तिला थोड्या आखूड होतात. मी पेपर घडी करून बाजूला ठेवला.
तिने सांगितलं, माझ्याकडे राहायला चला. इथे एकटे काय करता? म्हटलं, धंदा आत्ता कुठे रुळावर येतोय. ती म्हणाली, बाबा, बाहेर पाटीसुद्धा नाहीये. लोकांना कळणार कसं? मुद्दा बरोबर आहे. पेंटरला बोलावायला हवं.

५ मे
मुलगी गेली. कपडे दोन गाठोड्यांत बांधून नेले, कुणाकुणाला देईल. स्वेटर अंगावरच होता. बस सुटताना खिडकीतून म्हणाली, समोरची खोली द्या हं लोकांना. वचन दिलं.
नवे संकल्प. बाहेर पाटी. पाहुण्यांशी मोकळेपणाने बोलणे. समोरची खोली पहिल्या मागणाऱ्याला देणे, कारणं न सांगता.

८ मे
सकाळी अंघोळ करून वर गेलो. समोरच्या खोलीत. खिडकी उघडली. ओला टॉवेल निळ्या पांघरुणावर टाकला आणि खुर्चीवर बसलो.
बराच वेळ बसलो. कुणी काही म्हणालं नाही.
दुपारच्या बसने एक गृहस्थ आले, सोबत पत्नी. पोस्टमनने पत्ता दिला म्हणाले. आठवडाभर राहायचं होतं, खिडकीची खोली हवी होती. लगेच हो म्हणालो. त्यांना घेऊन वर गेलो, दार उघडलं, टॉवेल उचलला. खाली पांघरूण ओलं. हात लावून पाहिलं तर गादीपर्यंत पाणी उतरलेलं.
मग त्यांना म्हटलं, माफ करा, खोली आज देता येणार नाही, गादी ओली आहे. या खोलीबद्दल पहिल्यांदाच खरं कारण सांगितलं. त्या बाई टॉवेलकडे बघून आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, बघा. तुमच्यासारखेच आहेत हे.
मागची खोली त्यांना नको होती. परतीच्या बसने गेले.
गादी खिडकीत उभी केली आहे. टॉवेल दोरीवर.