नळीचं तोंड वीतभर वर

तीर्थरूप मामा,

शिरसाष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे नमस्कार कागदावरच मानून घ्या. पाठ का धरली ते पुढे येईलच.) ऑपरेशननंतर डोळा कसा आहे? अक्षर मुद्दाम मोठं काढतोय. तरी नाही लागलं तर मामीकडून वाचून घेऊ नका, हात जोडतो. चार दिवस थांबा, पण स्वतःच वाचा. फोनच करणार होतो, पण मामी फोन मोठ्या आवाजावर ठेवते आणि तुमच्या कानापर्यंत पोचायच्या आत बातमी गल्लीच्या टोकाला जाऊन परत येते. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे. इकडे काही क्षेम नाही. मी संपलो, मामा.

येत्या रविवारी तुम्ही माझ्यासाठी वारामास्तरांच्या घरी शब्द टाकायला येणार आहात, त्यांच्या मुलीसाठी. तीन वर्षं मी या रविवारची वाट बघतोय आणि आता वाटतं, तो शनिवारनंतर आलाच नाही तर बरं. मास्तर तुम्हाला माहीतच आहेत. वीस वर्षं फवारणीचं यंत्र चालवताहेत, बोट ओलं करून वारा बघितल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाहीत, आणि तुम्ही निवृत्त होऊन पाण्याची गाडी माझ्या हातात आली हे दुःख त्यांनी अजून गिळलेलं नाही. अशा माणसाचा जावई व्हायचं म्हणजे मुळात अवघड. त्यात मी काय करून ठेवलंय ते ऐका.

आपलं काम तुम्हाला मी काय सांगणार! मास्तर शेतात औषध मारत फिरणार, यंत्राची टाकी संपली की बांधावर येणार, आणि आपण पाण्याची गाडी घेऊन तिथे आधीच हजर. नळी सोडायची, अर्धी टाकी पाणी, मग औषध, मग उरलेलं पाणी, आठ मिनिटांत यंत्र परत रानात. यंत्र उभं राहिलं की दिवस गेला, हे तुमचंच वाक्य. नळीचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या वीतभर वर ठेवायचं, कधी बुडवायचं नाही, हे तुमचं दुसरं वाक्य. तेही मी तीन वर्षं पाळलं. पण वरून पाणी पडलं की फेस होतो हो! त्या दिवशी गव्हातलं तण मारायचं औषध होतं, ते तर साबणाचं सख्खं भावंड. फेस टाकीबाहेर आला आणि थेट मास्तरांच्या बुटांवर. मास्तर काही बोलले नाहीत. (ते बोलतच नाहीत. आधी बुटाकडे बघतात, मग माझ्याकडे, मग पुन्हा बुटाकडे.) मी घाबरून नळी आत दाबली, पार तळाशी. फेस खाली बसला. मला वाटलं, वा, मामांना इतकी वर्षं एवढं साधं कसं सुचलं नाही! अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

औषध घालून झालं. वरचं पाणी भरत होतो. मास्तर वारा बघायला बांधाच्या टोकाला गेले आणि नेमका तेव्हाच त्यांच्या मुलीचा फोन आला. मी पंप बंद केला, कारण पंपाच्या घरघरीत तिचा आवाज ऐकायचा म्हणजे पाप. तिच्या रोपवाटिकेतली मोटार जळली होती, रोपं माना टाकत होती, गाडीत उरलंसुरलं पाणी मिळेल का, म्हणाली. मामा, तीन वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. ‘मिळेल’ म्हणायला एक सेकंद लागतो. मला अकरा मिनिटं लागली. आता चित्र बघा: यंत्र उंच बांधावर, माझी गाडी खाली खोलगटात, नळीचं तोंड बुडालेलं, पंप बंद, आणि पाणी उलटं फिरू नये म्हणून पंपाशी बसवलेली झडप मी महिन्यापूर्वीच गळते म्हणून काढून स्टिअरिंगसमोर ठेवलेली. (अजून तिथेच आहे. रोज माझ्याकडे बघते.) म्हणजे मी इकडे गोड गोड बोलत होतो आणि माझ्या पाठीमागे औषधाचं पाणी गुपचूप त्याच नळीतून माझ्या गाडीत उतरत होतं. फोन ठेवून बघतो तर यंत्राची टाकी बरीच खाली. कुणाही शहाण्याला शंका आली असती. मी म्हटलं, अरेच्चा, अजून एवढी भरायची राहिली वाटतं! आणि पंप लावून काठोकाठ भरून दिली.

मग उरलेलं पाणी घेऊन मी तिच्याकडे गेलो, आणि नळीच्या जोराने रोपं मोडतील म्हणून झारीने घातलं. झारीने, मामा! टोमॅटोची चार हजार रोपं, एकेकाला आंघोळ घातली. माझ्या आईने मला इतक्या मायेने आंघोळ घातली नसेल. ती दारात उभी राहून बघत होती. तिने चहा दिला आणि म्हणाली, ‘तुम्ही होतात म्हणून वाचली.’ मी त्या रात्री जेवलोच नाही, पोट भरलेलं होतं.

चौथ्या दिवशी पानं मुरगळली. देठं डोंबाऱ्यासारखी वाकडी झाली, आणि दोन दिवसांत चार हजारच्या चार हजार आडवी. ज्यांनी ती रोपं सांगून ठेवली होती त्या शेतकऱ्यांना आता ती काय तोंड दाखवणार? तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. तो पडला जेव्हा गव्हाचा मालक मास्तरांकडे आला की अर्ध्या रानातलं तण मरायचं सोडून बाळसं धरतंय. जिथे मारायचं तिथे मेलं नाही आणि जिथे जगवायचं तिथे एक वाचलं नाही, दोन्ही एकाच नळीने! मास्तरांच्या वीस वर्षांतली ही पहिली तक्रार. बिचारे यंत्राच्या सगळ्या तोट्या सोडवून अंगणात बसलेत आणि दात घासायच्या ब्रशने एकेक घासताहेत. त्यांना वाटतं, चूक तोट्यांची.

सांगायला गेलो नाही असं नाही. रोज जातो. पण मी तोंड उघडायच्या आत तीच विचारते, ‘बुरशी असेल का हो?’ आणि माझ्या मेल्याच्या तोंडून निघतं, ‘असेल.’ मग बुरशी म्हणून मी चारशे ट्रे गरम पाण्याने धुतले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, ऊन जास्त झालं असेल का? मी शेडची सगळी जाळी बदलली. तिसऱ्या दिवशी मातीचा दोष, म्हणून जुनी माती उपसून नवी भरली. (पाठ इथे गेली.) काल उंदरांवर आलो, कुंपणाची सगळी भोकं बुजवली. उंदीर पानं मुरगळतात का, मामा? पण मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? वर ती म्हणते, ‘तुमचे उपकार कसे फेडू?’ त्यापेक्षा तिने झारी फेकून मारली असती तर मला झोप लागली असती. सांगितलं तर ती जाते, नाही सांगितलं तर मी असा रोज जातो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मामीला नमस्कार. डोळ्यात थेंब वेळेवर घाला.

आपला (असं अजून म्हणवत असेल तर)
भाचा

ता. क. रविवारी या, पण आधी मास्तरांना आणि तिला तुम्हीच सगळं सांगा. आणि सांगताना झडप तुमच्याच काळात निघाली होती असं म्हणालात तर फार बरं होईल. तुम्ही निवृत्त आहात, आता तुमचं कोण काय वाकडं करणार?

ता. क. २. वरचं वाचून तुम्ही मला काय म्हणाल ते ऐकू आलं. बरोबर आहे. तरीपण विचार करा.

ता. क. ३. पाकीट नाही. तिच्याकडे बियाण्यांची कागदी पाकिटं असतात, त्यातलंच एक मागून घेतो. तिला काही संशय यायचा नाही.

मामा, नमस्कार. मी मास्तरांची मुलगी. तुमचा भाचा पाकीट मागायला आला, पत्र टेबलावर उघडंच ठेवलं आणि गाडीची नळी गळतेय म्हणून बाहेर पळाला. मी वाचलं. चूक झाली, पण मला पश्चात्ताप नाही. औषधाने मुरगळलेलं पान मी लहानपणापासून ओळखते; चौथ्याच दिवशी कळलं होतं. आज नववा दिवस. तो कधी सांगतो म्हणून मी रोज एक नवा रोग काढतेय आणि तो रोज ‘असेल’ म्हणतोय. ट्रे, जाळी, माती, कुंपण झालं. आता रोगही संपत आले. रोपांचं दुःख आहेच, पण ती पुन्हा पेरता येतात. बाबांना काल रात्री सांगितलं. त्यांनी तोट्या परत बसवल्या आणि मग आपल्या बुटांकडे बघितलं.

तुम्ही रविवारी नक्की या, पण झडप अंगावर घेऊ नका. काही बोलूही नका, नुसते त्याच्या शेजारी बसा. त्याने आपल्या तोंडाने सांगितलं तर पुढचं बोलू. नाही सांगितलं तर चहा घेऊन दोघं परत जा. मी वाचलंय हे त्याला कळू देऊ नका. पाकीट मीच चिकटवतेय.